वैरण कोण पचवते?



पोळ्याचा सण आला म्हणजे आपण बैलाला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, झूल चढवतो. वर्षभर राबलेल्या जिवाला त्या दिवशी पुरणपोळीचा घास मिळतो. एखाद-दुसऱ्या पोळीने त्याचे काही बिघडत नाही. पण मिरवणूक दारोदार जाते, दर दारी एक माउली पोळी घेऊन उभी असते, आणि कुणाचाच हात आखडत नाही. मग दुसऱ्या दिवशी बैल मान टाकून बसतो. रवंथ थांबलेला, शेण पातळ आणि आंबूस वासाचे, डोळे खोल गेलेले. लग्नघरचा उरलेला भात गाईपुढे ओतला, किंवा दावे तोडून म्हैस खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीला लागली, तरी हीच गत. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो पान लागले. खरे कारण मात्र पोटातच असते.

आता विचार करा. जे जनावर सुक्या कडब्यावर वर्ष काढते, ते पाटीभर ज्वारीने मरते. आणि जो माणूस ज्वारीवर वर्ष काढतो, त्याला कडब्याचा एक पेर चावून गिळता आला तरी तो अंगी लागत नाही. हे असे का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. ती हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे. वैरण किती द्यावी आणि खुराक किती, हा आपला रोजचा हिशेब त्या हकिकतीतूनच उलगडत जातो.

आधी वैरणीबद्दल दोन शब्द. गुरुजींनी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवावे. ज्वारीच्या दाण्यातले पीठ म्हणजे साखरेच्या कणांची एक लांब माळ असते. कडब्यातला तंतू, ज्याला शास्त्रात सेल्युलोज म्हणतात, तीसुद्धा त्याच साखरेच्या कणांची माळ. मणी तेच, फक्त गाठ मारण्याची तऱ्हा वेगळी. पण त्या एका गाठीने सगळा फरक पडतो. पिठाची गाठ आपल्या तोंडातली लाळसुद्धा सोडवते. तंतूची गाठ सोडवणारा रस गाय, म्हैस, शेळी, माणूस, कुणाच्याच शरीरात तयार होत नाही. कापूस हा जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. तेव्हा आपल्या अंगावरचा सुती सदरा आणि गव्हाणीतला कडबा हे एका गोत्रातले म्हणायला हरकत नाही. गाईच्या शरीरातही तो रस नाही, हे ध्यानात ठेवा. मग कडबा पचवतो कोण?

पहिला धागा पॅरिसमध्ये हाती लागला. डेव्हिड ग्रुबी नावाचा एक हंगेरीत जन्मलेला डॉक्टर तेथे राहत असे. सूक्ष्मदर्शक यंत्राचा त्याला भारी नाद. गजकर्णाच्या जातीचे काही रोग बुरशीमुळे होतात, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो एक. पॅरिसजवळच्या अल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयातले अध्यापक देलाफों यांच्या साथीने त्याने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला रस काचेवर घेऊन पाहिला. १८४३ साली या दोघांनी जाहीर केले की, त्या रसात जिवंत, वळवळणारे सूक्ष्म प्राणी असंख्य आहेत.

पोट म्हणजे येथे कोटीपोट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत थोरला कप्पा तो कोटीपोट. मोठ्या दुभत्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. आपल्या पोटासारखा पाचकरस सुटतो तो थेट चौथ्या कप्प्यात. म्हणजे गाय जे गिळते ते आधी या भल्यामोठ्या रांजणात पडते, तेथे आंबते, पुन्हा तोंडात येते, चघळले जाते, परत खाली उतरते. आता या रांजणात प्राणी राहतात म्हटल्यावर लोकांना नवल वाटले, पण ते गाईच्या काही कामाचे असतील असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. पाहुणे समजून त्यांना सोडून दिले.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. गोटिंगेन शहराजवळ वेंडे या ठिकाणी हेनेबर्ग आणि श्टोमान हे दोघे १८६०च्या आसपास बैलांना मोजून पेंढा घालीत आणि मोजून शेण गोळा करीत. काम कंटाळवाणे, पण हिशेब रोखठोक. जेवढा तंतू तोंडातून गेला तेवढा शेणातून बाहेर यायला हवा, कारण तंतू पचत नाही अशीच तेव्हाची समजूत. प्रत्यक्षात बराचसा तंतू वाटेतच नाहीसा झालेला! गेला कुठे? १८८४ साली हर्मान फॉन टापाइनर यांनी उत्तर दिले. कोटीपोटातला रस भांड्यात घेऊन त्यात त्यांनी तंतू टाकला. तो हळूहळू विरघळला, वायू सुटले, आणि शिर्क्यात असते ते आम्ल तयार झाले. जंतू मारणारे औषध त्या भांड्यात घातले की काम बंद. म्हणजे तंतू खाणारे ते जंतूच. बर्लिनचे प्राध्यापक नाथान त्सुंट्स यांनी आणखी पुढचा तर्क केला की, जंतूंनी केलेली ही आम्लेच गाईच्या रक्तात उतरतात आणि तिला ताकद देतात. पण तर्क तो तर्क. तो सिद्ध व्हायला अर्धे शतक जायचे होते.

ज्यांना आपण आतापर्यंत पाहुणे म्हणत होतो ते खरे तर पोटभाडेकरू निघाले. जागा गाईची, वैरण गाईची, आणि भाड्यापोटी ते तिला आम्ले देतात.

हे सारे युरोपात चालले असताना आपल्याकडे काय होते? १८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात सरकारने जनावरांच्या रोगांची एक प्रयोगशाळा काढली. आज इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. त्या काळी सगळे लक्ष बुळकांडीसारख्या साथींवर होते आणि ते योग्यच होते. गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडत होती. जनावर साथीने मरते तसे ते उपाशीपोटीही खंगते, या गोष्टीवर जोर आला तो १९२६ ते १९२८ या काळात बसलेल्या शेतकी कमिशनपासून. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष होते. पुढे के. सी. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातल्या चाऱ्यांचे नि पेंडींचे पृथक्करण करून कोष्टके तयार केली. भाताचा पेंढा नि गव्हाचा भुसा यांच्यापुढे पचनीय प्रथिनांच्या रकान्यात जवळजवळ शून्य आहे! आपली निम्मीशिम्मी गुरे ज्यावर जगतात त्याच्यापुढे हा शून्य. तरी ती जगतात कशी, याचा खुलासा थोड्या वेळाने येईल.

आता अमेरिकेत चला. उत्तर डाकोटा संस्थानात शाल्क आणि अमॅडन या दोघा पशुवैद्यांनी जिवंत गाईच्या डाव्या कुशीला कोटीपोटापर्यंत भोक पाडले, जखम भरून येऊ दिली आणि त्यावर झाकण बसवले. गाय खाई, पिई, दूध देई. झाकण काढावे, कोपरापर्यंत हात घालावा आणि आत काय चालले आहे ते चाचपावे. १९२८ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. त्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत.

एक अशी की, लांब गवत कोटीपोटात वर तरंगते. त्याची जाड गादी तयार होते. धान्य मात्र तळाशी जाते. दुसरी गोष्ट अशी की, खरखरीत गवत पोटाच्या आतल्या भिंतीला घासले म्हणजे गाईला रवंथ करायची इच्छा होते. नुसते पीठ दिले तर भिंतीला टोचणार काय? रवंथ कमी होते.

मग झाले म्हणून काय, असे तुम्ही विचाराल. बरेच बिघडते. रवंथ म्हणजे नुसते चावणे नव्हे. रवंथ करताना गाय लाळ गाळते, आणि लाळेत असतो सोडा, आपण भज्यात घालतो तोच. मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढे लाळ तयार करते. तेवढ्या लाळेत एक किलोहून जास्त सोडा भरतो. जंतू रात्रंदिवस आम्ल तयार करीत असतात; हा सोडा ते आम्ल मारीत असतो. गाईने चावलेच नाही तर लाळ नाही, लाळ नाही तर सोडा नाही, आणि मग आम्लाला आवर कोण घालणार? म्हणूनच कडब्याची कुट्टी करावी, पण तिचे पीठ करू नये. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा पुरे. कुट्टीने नासाडी वाचते हे खरे, पण यंत्र हाताशी आले म्हणून सगळेच भुगा करण्याचा जो सोस सुटला आहे, तो मला काही पटत नाही.

त्सुंट्स यांच्या तर्काची शहानिशा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडात परदेशातून येणारे पशुखाद्य बंद पडले होते, घरच्या गवतावर जनावरे जगवायची होती. केंब्रिजचे सर जोसेफ बारक्रॉफ्ट हे रक्तावरच्या संशोधनामुळे जगप्रसिद्ध. सत्तरी गाठलेला हा माणूस निवृत्तीनंतर मेंढ्यांच्या पोटाकडे वळला. १९४४ साली त्यांनी, मॅकअनली नि फिलिप्सन यांच्यासह दाखवून दिले की, कोटीपोटाकडून येणाऱ्या रक्तात ही आम्ले भरपूर असतात. म्हणजे ती पोटाच्या भिंतीतून थेट रक्तात झिरपतात. आज आपल्याला ठाऊक आहे की, रवंथ करणाऱ्या जनावराच्या एकूण ताकदीपैकी ६० ते ७० टक्के ताकद याच आम्लांतून येते. आपण भाकरीच्या साखरेवर चालतो, गाय जंतूंच्या शिर्क्यावर चालते!

पण ते जंतू कोणते? टापाइनरपासून साठ वर्षे लोक त्यांना पकडू पाहत होते आणि भलतेच जंतू पकडत होते. कारण साधे होते. कोटीपोटात हवा नाही. तेथले रहिवासी हवेचे वैरी. प्रयोगशाळेत उघड्या ताटलीत वाढवायला घेतले की ते मरत, आणि धुळीतून आलेले उपरे मात्र माजत. हा घोळ मोडला रॉबर्ट हंगेट यांनी. हा गृहस्थ मुळात वाळवीचा अभ्यासक. वाळवी लाकूड खाते, पण पचवतात तिच्या पोटातले जंतू. तेव्हा वाळवीवरून गाईवर येणे तसे एका पावलाचेच काम. त्यांनी हवा काढून टाकलेल्या, बूच मारलेल्या नळ्यांत, आतल्या बाजूला खळीसारख्या पदार्थाचा पातळ थर देऊन जंतू वाढवले. १९४०च्या दशकात तंतू खाणारे खरे जंतू अशा रीतीने प्रथमच एकेकटे हाती आले. १९६६ साली हंगेट यांनी या विषयावर जे पुस्तक लिहिले ते अजूनही या विद्येत मानले जाते.

त्यांची संख्या किती, हे सांगितले तर मुले तोंडात बोट घालतील. कोटीपोटातल्या रसाच्या एका थेंबात सुमारे ५० कोटी जंतू असतात. ग्रुबीने पाहिलेले मोठे प्राणी वेगळे. तेही एका थेंबात हजारोंनी.

आता पोळ्याच्या बैलाकडे येऊ. १९५२ साली हंगेट, डौगर्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी मेंढ्यांना एकदम पोटभर धान्य घातले आणि तासातासाने पोटातला रस काढून पाहिला. जे दिसले ते असे. दाण्यातले पीठ चटकन सुटणारे. त्यावर ताव मारणारा एक जंतू कोटीपोटात नेहमीच थोडा असतो, त्याला स्ट्रेप्टोकॉकस बोविस म्हणतात. एरवी तो कोपऱ्यात पडून असतो. धान्याची रास दिसताच तो असा वाढतो की, वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तो शिर्क्याचे आम्ल करीत नाही; दह्यात असते ते आम्ल करतो. हे आम्ल शिर्क्याच्या आम्लाहून कितीतरी तीव्र. म्हणजे बैलाच्या कोटीपोटात विरजण पडले आणि तासाभरातासाभराने दही आंबत चालले, असेच समजा. आंबटपणा वाढला की तंतू खाणारे जंतू मरतात. ग्रुबीचे प्राणी मरतात. शेवटी स्ट्रेप्टोकॉकसलाही ते सोसत नाही. मग दह्यातल्यांचेच भाऊबंद असलेले दुसरे जंतू गादीवर बसतात आणि आणखी आम्ल करतात. पोटाची हालचाल बंद पडते. दाट झालेला रस अंगातले पाणी पोटाकडे ओढून घेतो; म्हणून डोळे खोल जातात, कातडी ओढली तर ती पटकन सपाट होत नाही. आम्ल रक्तात शिरते आणि जनावर बसते. वेळेवर डॉक्टर आला नाही तर ते उठत नाही.

यात धान्य विषारी नव्हते, हे नीट समजून घ्या. तेवढेच धान्य रोज थोडे थोडे वाढवत दोन-तीन आठवड्यांत दिले असते तर बहुधा काही झाले नसते. कारण कोटीपोटात दह्याचे आम्ल खाऊन टाकणारेही जंतू आहेत. एल्सडेन यांनी त्यांतला एक शोधला आणि त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले, मेगास्फेरा एल्सडेनाय. पण हे जंतू सावकाश वाढणारे. त्यांना मुदत लागते. खुराक बदलायचा तर, मग तो सरकी पेंडीवरून मक्याच्या भरड्यावर असो की कोरड्या वैरणीवरून नव्या हिरव्या लसूणघासावर असो, दोन ते तीन आठवडे घ्या. दिवसाचा खुराक एकदम न ओतता दोन-तीन वेळा वाटून द्या, आणि आधी वैरण, मग खुराक. काही जण उलट करतात, कारण उपाशी गाय खुराक चटकन संपवते. चटकन संपवते हेच तर वाईट.

आता दुसरी बाजू पाहू. बैल बसला तर सगळ्यांना कळते. पण खुराक थोडासाच जास्त झाला, गाय आजारी नाही, दूधही वाढलेले, अशा वेळी नुकसान गुपचूप होते. डेअरीच्या काट्यावर फॅट लागत नाही. गवळ्यावर संशय, मापाड्यावर संशय, एकेकदा बायकोवरसुद्धा संशय, की दुधात पाणी घातले! इंग्लंडात रेडिंगजवळ शिनफील्ड येथे दुग्धसंशोधनाची संस्था होती. तेथे बाल्च आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात गाईंचे सुके गवत कमी करून खुराक वाढवला. दुधातले लोणी उतरले. त्याचा एक खुलासा असा होता की, वैरण खाणाऱ्या गाईत शिर्क्याचे आम्ल जास्त तयार होते. लोणी बनवायला गाईच्या कासेला तेच लागते. धान्य वाढले की त्याचे प्रमाण घटते आणि प्रोपियॉनिक नावाचे दुसरे आम्ल वाढते. वैरणीवर पहिल्याचे प्रमाण शंभरात ६५ ते ७०, तर भरपूर धान्यावर ते ५० पर्यंत येते. हा खुलासा बरोबर, पण अपुरा होता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटाने २००० साली दाखवले की, पोट आंबट झाले म्हणजे जंतू खुराकातल्या तेलापासून एक निराळाच स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो दिवसाला मोजके ग्रॅम गाईच्या चौथ्या पोटात सोडला तरी कास लोणी बनवायचे काम आवरते घेते. म्हणजे पेंड महाग, ती जास्त घातली, आणि फॅट पडल्याने भाव कमी आला. दोन्हीकडून मार. १९७० नंतर संकरित गाई घरोघर आल्या आणि पोत्यातले पशुखाद्य आले, तेव्हापासून आपल्याकडे ही तक्रार वाढली आहे.

मग खुराक बंदच करावा काय? मुळीच नाही. मघाशी सेन यांच्या कोष्टकातल्या शून्याचा उल्लेख केला होता, त्याचा खुलासा आता करतो.

जंतूंना खायला नुसता तंतू पुरत नाही. त्यांचे स्वतःचे अंग बनते ते प्रथिनांचे, त्यासाठी नत्र लागते. चाऱ्यात प्रथिने शंभरात सातांच्या खाली गेली की जंतू उपाशी पडतात, त्यांची संख्या घटते, आणि गव्हाण भरलेली असूनही गाय कमी खाते, कारण आत पडलेले पचून पुढे सरकत नाही. नुसता पेंढा खाणाऱ्या गुरांचे पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या मोजून घ्याव्यात, असे का दिसते ते आता लक्षात येईल. अशा वेळी किलोभर शेंगदाणा किंवा सरकी पेंड, विदर्भात म्हणतात तशी ढेप, किंवा थोडा हिरवा लसूणघास दिला की जंतूंना नत्र मिळते, ते वाढतात, आणि तीच गाय तोच पेंढा जास्त खाते नि जास्त पचवते. ही पेंड गाईची नव्हे, आधी जंतूंची. नंतर गाय ते जंतूच पचवते. चौथ्या कप्प्यात उतरल्यावर ते मरतात आणि त्यांच्या अंगातली प्रथिने गाईला मिळतात. पूर्ण शाकाहारी म्हणून जिला आपण हात जोडतो, ती रोज अब्जावधी जीव पचवून दूध देते, ही गंमत कीर्तनकारांनी अजून उचललेली दिसत नाही.

जंतू नत्र किती साध्या पदार्थातून उचलू शकतात, हे फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी दाखवले. १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते, तेही वैरण टिकवण्याच्या पद्धतीसह केलेल्या कामाबद्दल. १९६६ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, शुद्ध केलेला तंतू, पीठ आणि साखर यांच्या जोडीला नत्रासाठी केवळ युरिया नि अमोनियाचे क्षार देऊनही गाई दूध देत राहिल्या. खाण्यात प्रथिने नाहीत, आणि दुधात आहेत! पण येथे हात जोडून एक सांगतो. हे वाचून कोणी युरियाचे पोते गव्हाणीत रिकामे करू नका. जास्त युरिया म्हणजे तासा-दोन तासांत मृत्यू. आपल्याकडे त्याचा सुरक्षित उपयोग दोन रीतींनी रुजला: १९८०च्या दशकात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे आणलेल्या, चाटण्याच्या युरिया-मळीच्या विटा, आणि पेंढ्यावरची प्रक्रिया. शंभर किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून झाकायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. तेवढ्यात तंतूची गाठ सैल होते आणि नत्रही मुरते. ही प्रक्रिया पहिल्यांदा करताना पशुधन अधिकाऱ्याला समोर उभे करा.

एवढा इतिहास पाहिल्यावर ‘प्रमाण’ या शब्दाला अर्थ येतो. चारशे किलो वजनाची दुभती गाय दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा ऐवज खाते. म्हणजे चाऱ्यातले, खुराकातले पाणी वजा करून उरतो तेवढा. त्यात निम्म्याहून जास्त, साधारण सहा-सात किलो, वैरणीचा असावा. भरपूर दूध देणाऱ्या गाईला याहून जास्त खुराक लागतो हे खरे, पण तेथेही वैरण पाच-चार हिश्शांच्या खाली उतरू देऊ नये, म्हणजे दहा भागांत चार तरी वैरणच हवी. हा आकडा घड्याळाच्या काट्यासारखा पाळायचा नाही. गोठ्यात दुपारी उभे राहून पाहा: निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करीत असतील तर पोट ठीक आहे. शेण पातळ होऊन चकाकते आहे, त्यात आख्खे दाणे दिसताहेत, तर खुराक जास्त किंवा वैरण बारीक झाली.

कोटीपोटातले सगळे रहिवासी कळले, असे १९७०च्या सुमारास वाटत होते. तेवढ्यात केंब्रिजच्या कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ साली एक जुनी समजूत उलटवली. मेंढीच्या पोटात शेपटीने पोहणारे काही जीव दिसत, त्यांना सगळे जण ग्रुबीच्या प्राण्यांचेच नातलग समजत. ऑर्पिन यांनी दाखवले की ती बुरशीची बीजे आहेत. हवेवाचून वाढणारी बुरशी असू शकते, यावर लोकांचा विश्वास बसेना. ही बुरशी कडब्याच्या टणक पेरांत झाडाच्या मुळांसारखी घुसते, ती फोडते, आणि मग जंतूंना आत शिरायला वाट मिळते. खरखरीत वैरण खाणाऱ्या जनावरांत ती भरपूर असते. धान्यावर पोसलेल्यांत नावापुरती.

आणि ज्या जनावराचे हे सगळे बिऱ्हाड एकदा उजाड झाले त्याचे काय? स्वीडनमधल्या खेड्यांत जुने शेतकरी एक उपाय करीत: धडधाकट गाय रवंथ करीत असताना तिच्या तोंडातला घास काढून घ्यायचा आणि आजारी गाईच्या तोंडात घालायचा. शहरी लोक हसत. आज पशुवैद्य हेच करतात, फक्त नळी लावून. कत्तलखान्यातल्या ताज्या पोटातून किंवा कुशीला खिडकी ठेवलेल्या निरोगी गाईच्या पोटातून काही लिटर रस काढतात, फडक्याने गाळतात, थंड होऊ देत नाहीत आणि हवा लागू देत नाहीत, आणि आधी आम्ल मारून शांत केलेल्या आजारी पोटात तो सोडतात. मग थोडे मऊ सुके गवत पुढे ठेवतात, आणि गाय पहिला घास वर आणते का, याची वाट पाहतात.